तेरा नंबरचे बूट

हीर वीस सेंटिमीटर सहा मिलिमीटर लांब होता. त्याचं एक टोक नखानं खुडलेलं होतं आणि दुसरं दातांनी तोडलेलं. दातांच्या टोकाशी दोन-तीन तंतू सुटे राहिले होते, ते सँड्रानं मोजमापात धरले नाहीत. तिनं स्टीलची पट्टी उलटी फिरवून पुन्हा मोजलं. वीस सहाच.

शेजारी ठेवलेला दुसरा हीर एकोणीस सेंटिमीटर दोन मिलिमीटरचा होता. तो टिफनीचा. त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं, कारण टिफनीचा पाय तेवढाच होता.

नंदाखालमध्ये मुलांचे पाय असेच मोजतात. नारळाच्या पातीची मधली शीर, म्हणजे जिचा खराटा बांधतात ती, जमिनीवर ठेवायची. मुलानं तिच्या टोकाला टाच लावून उभं राहायचं आणि अंगठा संपतो तिथे ती मोडायची. मग तो हीर पिशवीत टाकून बाजारात जायचं. मूल इकडे वाडीत खेळत राहतं आणि त्याचे बूट घरी येतात. सँड्रा लग्न होऊन गावात आली तेव्हा तिला याची गंमत वाटली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं ओला हीर मोजला, पंधरा दिवस उन्हात वाळवून पुन्हा मोजला, आणि लांबीत काही फरक पडत नाही हे पाहिल्यावर ती पद्धत तिला पटली.

"तू तर माझ्याबरोबर दुकानात येणार आहेस," ती टिफनीला म्हणाली. "मग हीर कशाला? आणि दोन?"

"एक असाच. एक दीदीचा."

"कुठल्या दीदीचा?"

प्रश्न फारच सोपा असला की वर्गातली मुलं बाईंकडे जसं पाहतात, तसं टिफनीनं आईकडे पाहिलं. "एमिलीदीदीचा. तिचे बूट चावतात."

एमिली ही सँड्रा आणि ज्युलियसची थोरली मुलगी. सात वर्षांपूर्वी, वयाच्या आठव्या वर्षी, तापानं गेली. तिच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या दिवसाला, तेव्हा नऊ दिवस राहिले होते. टिफनी चौदा महिन्यांची होती. बहीण म्हणून तिला ठाऊक होता तो हॉलमधला एक फोटो आणि चर्चमागच्या दफनभूमीतला एक पांढरा क्रूस. आता टिफनीही आठ वर्षांची झाली होती. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिचं कम्युनियन होतं. पांढरा फ्रॉक शिवून आला होता, डोक्यावरची जाळी आली होती, मेणबत्तीला रिबीन बांधून झाली होती. फक्त बूट राहिले होते.

"तू हा हीर कुठे मोजलास?"

"तिच्याजवळ. धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर आम्ही कैऱ्या पाडायला जातो ना, तिथे. मी हीर वाळूवर ठेवते, ती सांगते कुठपर्यंत, मी तोडते."

"तुला दिसते ती?"

"नाही गं मम्मी," टिफनी हसली. "वाळूतून कसं दिसेल?"

सँड्रानं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात आलेख कागदाची एक गुंडाळी होती, रबर सुकून तिला चिकटलेलं. एमिली गेली त्या वर्षी तिनं वर्गातल्या सगळ्या मुलांच्या पायांच्या बाह्यरेषा कागदावर घेतल्या होत्या. घरी येऊन एमिलीचीही घेतली होती, कारण एमिली हटून बसली होती. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: एमिली, उजवा, २०.६.

तिनं हीर पालापाचोळ्याच्या ढिगात टाकून दिला. दुसऱ्या दिवशी टिफनीनं नवा आणला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. एक मोजमाप योगायोगानं जुळू शकतं. म्हणून तीन वेळा मोजायचं आणि सरासरी काढायची, हे सँड्रा दर वर्षी सहावीच्या मुलांना शिकवायची. इथे सरासरी काढायची गरज पडली नाही. जिवंत मुलाचा पाय वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतो. हा वाढत नव्हता.

आलेख कागदाच्या गुंडाळीत अजून एक वस्तू होती. तिथपर्यंत तिनं गुंडाळी उलगडली नाही.

*

चर्चची चिठ्ठी आली त्याला नऊ महिने झाले होते. दफनभूमी लहान, गाव मोठं. त्यामुळे काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी एका लहान पेटीत घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि जागा दुसऱ्यासाठी मोकळी करतात. सगळ्यांचंच असं होतं, त्यात कोणाला काही वाटत नाही. एमिलीच्या रांगेतल्या इतर अकरा कबरी उघडून झाल्या होत्या. तिची एकटीची राहिली होती. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय व्हिन्सेंट, म्हणजे दफनभूमीचं बघणारा माणूस, कुदळ लावत नसे. पण पावसाळ्याआधी उत्तर हवं, असं त्यानं कळवलं होतं, कारण पावसात तिथलं पाणी तीन फुटांवर येतं.

"काय सांगू व्हिन्सेंटला?" ज्युलियस दर रविवारी विचारायचा. तो विरारच्या एका बँकेत होता. शांत माणूस. एकदा विचारून झालं की आठवडाभर विचारायचा नाही.

"पुढच्या रविवारी बघू," सँड्रा म्हणायची.

लोकांना वाटे, आईचं काळीज, मुलीला हलवू देत नाही. लोकांना काय वाटतं ते सँड्रा खोडून काढत नसे. खरं कारण तिच्या एकटीपाशी होतं. कबर उघडली की त्यात काय दिसेल, ते तिला माहीत होतं.

*

शनिवारी टिफनी सकाळी साडेसहालाच पांढरे मोजे घालून तयार झाली.

"अगं, दुकान दहाला उघडतं."

"मी चालायची प्रॅक्टिस करतेय." आणि ती पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागली. बूट नव्हते, म्हणून टाचेचा टकटक आवाज ती जिभेनं काढत होती.

पडवीत आग्नेस सोनचाफ्याच्या कळ्या पानात बांधत बसली होती. आग्नेस ज्युलियसची मोठी बहीण. लग्न केलं नाही, भावाच्या घरीच राहिली, वाडी तिनंच सांभाळली.

"आत्या, चल ना तूपण!"

"मी नाही गं बाय. तुझ्या बुटांवर माझी सावलीसुद्धा नको."

"का?"

"मागे एकदा मी बूट आणले होते, त्याची शिक्षा म्हणून," आग्नेस म्हणाली आणि कळ्या बांधत राहिली.

सँड्रा स्कूटर काढत होती. तिनं ऐकलं, आणि स्कूटर आधीच चालू असती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

विरारच्या बाजारात कोपऱ्यावर ते दुकान होतं. मालक बाबूकाका तीस वर्षं त्याच गल्ल्यावर बसत आले होते. टिफनीच्या मुठीतला हीर पाहून ते मोठ्यानं हसले.

"नंदाखाल! ओळखलंच. अहो टीचर, पोरगी समोर उभी आहे आणि तुम्ही मला काडी काय दाखवता?"

"काडी नाही, हीर आहे," टिफनी म्हणाली. "आणि तो माझा नाहीच. माझा मी पायच आणलाय."

तिचा पाय मोजायच्या फळीवर बरोबर बसला. बारा नंबर. खोका उघडला. आत पातळ कागद, त्यावर दोन पांढरे बूट, पट्ट्याला मोत्यासारखं बटण. टिफनीनं आधी ते घातलेच नाहीत. तिनं एक बूट उचलला, नाक आत खुपसलं आणि डोळे मिटून वास घेतला.

"कसला येतो वास?" बाबूकाकांनी विचारलं.

"नवा!"

मग ती चालली. दुकानात जमिनीलगत एक तिरपा आरसा होता, त्यात फक्त पाय दिसायचे. टिफनी त्याच्याकडे चालत गेली, मागे वळून खांद्यावरून पाहत परत आली, मग टाचांवर चालली, मग चवड्यांवर, मग चर्चमध्ये ओल्टारसमोर जायचं तसं हात जोडून, अगदी हळू.

"काका, अजून एकदा जाऊ?"

"जा की. आरसा काय झिजतोय?"

सँड्रा स्टुलावर बसून पाहत होती. गेल्या कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. आनंद म्हणजे काय हे मोजता आलं असतं, तर ते असंच कुठेतरी दिसलं असतं, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

"काका, बाराच्या पुढे तेरा?"

"तेरा."

"मग चौदा?"

"नाही. मग एक."

"एक? म्हणजे पहिल्यापासून?"

"लहानांचे नंबर तेराला संपतात बेटा. पुढे परत एकपासून."

टिफनीनं यावर जरा विचार केला. मग मुठीतला हीर त्यांच्यापुढे धरला. "मग दीदीला एक नंबर द्या. तेरा चावतो."

सँड्राची पर्स मांडीवरून घसरली. तेरा हा आकडा त्यांच्या घरात सात वर्षं कोणी उच्चारला नव्हता.

"मोठीपण आहे का?" बाबूकाकांनी हीर फळीवर ठेवून पाहिला. "बरोबर, एक नंबर. तिलाही आणायचंत ना, टीचर."

"ती येऊ शकत नाही," टिफनी म्हणाली. "आडवी आहे."

"आजारी का? अरेरे."

सँड्रानं तिथेच थांबवायला हवं होतं. तिला ते कळत होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "दाखवा."

बाबूकाकांनी दुसरा खोका आणला, बुटांच्या पुढच्या भागात कोंबलेले कागदाचे बोळे काढून गल्ल्यावर टाकले आणि जोड टिफनीच्या हातात दिला. टिफनी एका रिकाम्या स्टुलापुढे गुडघ्यांवर बसली. दोन्ही बूट तिनं स्टुलाच्या पायथ्याशी ठेवले, तोंडं स्वतःकडे करून. पट्टे सोडले आणि मान खाली घालून वाट पाहिली, जशी लहान भावंडाला बूट घालताना त्यानं पाय सरकवायची पाहतात. मग पट्टे लावले.

"काका, बघा ना बरोबर झाले का."

बाबूकाका हसत वाकले. पोरांचे खेळ त्यांना नवे नव्हते. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. रिकाम्या बुटाचं टोक दाबलं की खाली जातं. हे गेलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, जरा जोरात.

"पुढे भरलंय," ते म्हणाले. "घट्ट होतायत."

"कागद राहिला असेल," सँड्रा म्हणाली.

बाबूकाकांनी गल्ल्याकडे पाहिलं. सँड्रानंही पाहिलं. टिफनीच्या जोडातले दोन बोळे आणि या जोडातले दोन. चार.

बाबूकाका उठले आणि अंगठा पँटला पुसत राहिले. खोके बांधून झाले तेव्हा त्यांच्या बोलण्यातली मस्करी संपली होती. "टीचर, हा जोड न्या," ते हळूच म्हणाले. "पण बदलायला परत आणू नका."

*

रविवारी सकाळी सँड्रा टिफनीला उठवायला गेली. मासला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला, अजून तासभर होता. खिडकीतून ऊन आलं होतं आणि बारा नंबरचे बूट टिफनीच्या उशीशी होते, खोक्यासकट. एक नंबरचे पलंगाखाली ठेवले होते. आता ते खोलीच्या मधोमध, उन्हात होते. पट्टे सुटलेले. दोन्हींची मागची कड आत चेपलेली.

सँड्रा खाली बसली आणि त्यांना हात न लावता नीट पाहू लागली. टिफनीनं घालून पाहिले असतील, हा पहिला तर्क. पण टिफनीचा पाय या बुटांत सैल जायला हवा. मागची कड मोडते ती पाय बुटाहून मोठा असला आणि कोणी तो जोर लावून आत घालत असलं, तर. बुटांच्या आत वाळू होती. अर्थात, साऱ्या नंदाखालची जमीनच वाळूची आहे. तिनं तेही धरलं.

"बसत नाहीत तिला," पलंगावरून टिफनी म्हणाली. ती केव्हाची जागी होती.

"का नाही बसत? तिला एक नंबरच लागतो." आपण काय बोललो ते सँड्राला बोलून झाल्यावर कळलं.

"आधीचे निघत नाहीत ना, मम्मी. त्यांच्यावरूनच घालायला बघते. तिनं खूप ओढले. पण पट्टा बटणाला लावलेलाच नाही, दोऱ्यानं शिवलाय कोणीतरी. तिला तुटत नाही." टिफनीनं तिचे स्वतःचे बूट उशीवरून घेतले आणि बाहीनं पुसले. "माझ्या कम्युनियनला ती कशी येणार मग?"

पांढरा दोरा. डाव्या बुटाला चार टाके, उजव्याला पाच. ते सँड्राशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. एमिली गेली त्या दिवशी तिनं सगळ्या बायकांना खोलीबाहेर पाठवलं होतं. आग्नेस दारातून म्हणाली होती, "नाही जात गं ते बूट, सँड्रा. मोज्यांवरच राहू दे लेकराला." आणि सँड्रा म्हणाली होती, "जातील." मग तिनं दार लावून घेतलं होतं.

ती उठली. कपाटातून आलेख कागदाची गुंडाळी घेतली आणि पडवीत आली.

ज्युलियस मासचा शर्ट घालून वर्तमानपत्र चाळत होता. आग्नेस कळ्यांची टोपली बाजूला सारून पायांना तेल लावत होती.

"आज व्हिन्सेंट शेवटचं विचारणार आहे," ज्युलियस वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला. "हो की नाही, काय ते एक."

सँड्रानं गुंडाळी आग्नेसच्या पुढ्यात सोडली. कागदावर लहान पायाची पेन्सिलीची रेघ होती. रेघेवर एक हीर चिकटपट्टीनं चिकटवलेला होता, सात वर्षांत काळा पडलेला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत तंतोतंत.

"आग्नेसबाय, तुमच्या पिशवीत हीर मोडला नव्हता."

आग्नेसचा तेलाचा हात थांबला.

"मी तुम्हाला दिलेला हीर आदल्या वर्षीचा होता. खणात दोन होते. मी पेपर तपासत होते, न बघता एक उचलून दिला. खरा हा. बूट आले त्याच रात्री सापडला मला. शनिवारी बूट बदलू, असं मी मनात म्हणाले. गुरुवारी ताप आला."

"मी तर म्हणत होते," आग्नेस सावकाश म्हणाली, "एसटीत गर्दी होती, पिशवी दबली, टोक मोडलं असेल."

"तुम्ही म्हणत होता. आणि मी म्हणू दिलं. मोज्यांवर नेली असती तर प्रत्येकीनं विचारलं असतं, बूट का नाहीत. म्हणून मी ते बसवले. कसे बसवले, ते नका विचारू."

वाडीत कुठेतरी पंपाचं पाणी पाटात पडत होतं. ज्युलियसनं वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा घातली.

"सात वर्षं," आग्नेस म्हणाली, "दर प्रायश्चित्तकाळात मी कुमसाराला जाते आणि फादरला तेच पाप सांगते. दोन फादर बदलले. शेवटचा तर म्हणाला, आग्नेसबाय, देवाला पाठ झालं आता, दुसरं काही असलं तर सांगा." ती हसली, आणि हसताना तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "तुला कधी एकदासुद्धा वाटलं नाही का गं?"

"रोज."

"रोज वाटायचं, आणि चहा मात्र मीच करून द्यायची तुला."

आग्नेसनं तेलाच्या बोटानं त्या पेन्सिलीच्या रेघेला स्पर्श केला. कागदावर अंगठ्याच्या जागी तेलाचा एक गोल डाग पडला आणि पसरत गेला.

"छोट्या टिफनीला बुटांचं काही बोललात तुम्ही कधी?" सँड्रानं विचारलं. "तेरा नंबर वगैरे?"

"मी? त्या बुटांचं नाव काढायला माझी जीभ वळली असती का?"

आतून टकटक आवाज येऊ लागला. टिफनी नवे बूट घालून हॉलमध्ये चालत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. फरशीवर टाचा स्वच्छ वाजत होत्या आणि मधूनच ती स्वतःशी हसत होती. मग ती पडवीच्या दारात आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली, पाय जुळवून, फ्रॉकची दोन टोकं धरून, सगळ्यांनी पाहावं म्हणून.

"छान दिसतात ना?"

"राणी दिसतेस," ज्युलियस म्हणाला.

टिफनी उभीच होती, अजिबात न हलता. तिच्या मागे हॉलमध्ये टाचा आणखी तीनदा वाजल्या. त्या तशा स्वच्छ नव्हत्या. एक पाय ओढत चालावं तशा, आणि मग थांबल्या.

ज्युलियसनं आत पाहिलं. आग्नेसनं क्रूसाची खूण केली. टिफनीनं मात्र मागे वळून पाहिलं नाही. ती आईकडेच पाहत होती, उत्तराची वाट बघत असल्यासारखी.

चर्चची पहिली घंटा झाली.

"ज्युलियस," सँड्रा म्हणाली, आणि तिचा आवाज वर्गात असतो तसा, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता, "व्हिन्सेंटला सांग, शनिवारी कबर उघडा. पण शवपेटीला कोणी हात लावायचा नाही. आधी बूट मी बदलणार आहे."